अनोळखी व्यक्ती : एक

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला हेरंब पाटणकरांनी कचेरीत डब्याचं झाकण उघडलं आणि खिशातला फोन थरथरला. डब्यात दोडक्याची भाजी, मुगाची उसळ आणि चार पोळ्या होत्या. फोनवर आत्याबाई होती.

‘श्रीमती ऋजुता पाटणकर : घरात नाहीत. अनोळखी व्यक्ती : एक.’

हेरंबरावांनी ते दोनदा वाचलं. मग बायकोला फोन लावला.

“कुठे आहेस?”

“कुठे म्हणजे? घरी.”

“घरी म्हणजे आपल्या?”

“नाही, आणखी एक घेतलंय मी कुपवाडला. काय झालं?”

“काही नाही. सहज केला.”

“बावीस वर्षांत तू सहज फोन केलेला नाहीस,” ऋजुता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बायको घरी नाही, तिच्याऐवजी दुसरंच कोणीतरी घरात बसलंय, आणि बायको म्हणते मी घरीच आहे. संशयाने माणसाची भूक मरते असं म्हणतात. हेरंबरावांची मेली नाही. त्यांनी चारही पोळ्या खाल्ल्या.

आत्याबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सरकारी कागदांत ती ‘गृहभारमापक संच, प्रकार तीन’. कृष्णेने लागोपाठ तीन पावसाळे सांगलीच्या बाजारपेठेत मुक्काम ठोकला, तेव्हा राज्याला पर्यावरणाची आठवण झाली आणि घरभार मंडळ स्थापन झालं. मंडळाने घरोघरी, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीवर, पावडरच्या डब्याएवढं एक पांढरं यंत्र बसवलं. ते विजेच्या तारांवर कान ठेवून असायचं. मिक्सर, फ्रीज, इस्त्री, प्रत्येकाची वीज ओढण्याची लकब वेगळी असते, ती ते ओळखायचं. मोरीच्या पाण्याची चव बघायचं, घरातल्या हवेचा वास घ्यायचं, आणि या कुटुंबाने आज पृथ्वीच्या डोक्यावर किती ग्रॅम कर्ब चढवला ते संध्याकाळी जाहीर करायचं. सगळ्यात नाक खुपसते, काही विसरत नाही आणि चारचौघांत बोलून दाखवते, म्हणून लोकांनी तिला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली. मंडळाने हरकत घेतली नाही.

अडचण एकच होती. मर्यादा माणशी ठरलेली. त्यामुळे पहिल्याच वर्षी सांगलीची लोकसंख्या दीडपट झाली. लोकांनी वारलेले आजोबा कागदावर पुन्हा घरात आणले आणि कॅनडातल्या मुलाच्या वाट्याचा गीझर विश्रामबागेत लावला. मग मंडळाने यंत्राला श्वास ओळखायला शिकवलं. माणसाच्या उच्छ्वासात नुसता कर्बवायू नसतो, शेकडो इतर वायूंचे बारीक अंश असतात, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. बोटाच्या ठशासारखा श्वासाचाही ठसा. यंत्र रोज घरच्यांचे ठसे ताडून पाहतं. ठसा जुळला तर तो माणूस हजर, न जुळला तर अनोळखी.

उपाशी माणसाचं काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला नव्हता असं नाही. पोटात पिष्ट नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं आणि श्वासाची घडणच बदलते. म्हणून मंडळाने महाशिवरात्रीला, कडक उपवास पाळणाऱ्या चारशे घरांत चाचणी घेतली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी आणि राजगिऱ्याचे लाडू यांमुळे उपवासाच्या दिवशी या लोकांच्या शरीरात रोजच्यापेक्षा पिष्ट जास्तच असतं, असं आढळलं. ‘महाराष्ट्रात उपवासाने श्वास बदलत नाही,’ अशी अहवालात नोंद झाली आणि उपवासाची दुरुस्ती यंत्रातून काढून टाकण्यात आली.

हेरंबरावांना हे सगळं ठाऊक होतं. यंत्राची एकशे चाळीस पानांची माहितीपुस्तिका ‘अनुग्रह’ इमारतीत त्यांनी एकट्यानेच वाचली होती, आणि त्याच बळावर ते भार समितीचे अध्यक्ष झाले होते. एरवी ते एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत अधीक्षक होते, म्हणजे लोकांच्या अर्जांतल्या चुका काढायची सवय होतीच. सगळ्या इमारतीचा भार मर्यादेत राहिला तर ती ‘हलकी’, नाहीतर ‘जड’. जड इमारतीची लिफ्ट बंद. अनुग्रहला सहा मजले होते आणि सहाव्यावर खुद्द अध्यक्ष राहत होते.

पाहुण्यांचा भार यजमानाच्या नावावर पडायचा. चार तासांपेक्षा जास्त थांबणाऱ्याची आधी नोंद करायची. न केली तर यजमानाचं नाव लिफ्टशेजारच्या फळ्यावर. त्यामुळे पाहुणे जवळजवळ संपलेच. जिन्यात भेटलेले लोक पूर्वी एकमेकांना ‘जेवलात का?’ असं विचारायचे, तेही बंद झालं. विचारलं तर चौकशी वाटायची, आणि समोरचा चुकून ‘नाही’ म्हणाला तर पंचाईत.

तरी काही लोक चोरून पाहुणे ठेवतच. हेरंबरावांनी आठ महिन्यांत असे सतरा पकडले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या नलवडे वहिनी तर भर सभेत रडल्या होत्या. “घरात मी सोडून कुणी नव्हतं हो. देवाशपथ सांगते.” हेरंबरावांनी शांतपणे यंत्राचा कागद वाचून दाखवला होता, ‘श्रीमती नलवडे : घरात नाहीत. अनोळखी व्यक्ती : एक.’ “म्हणजे वहिनी, तुम्ही घरात नव्हता आणि जी होती ती तुम्ही नव्हता,” असं ते म्हणाले तेव्हा सभेत हशा पिकला. वहिनींचं नाव अकरा दिवस फळ्यावर होतं. त्यानंतर त्या कुणाशी बोलेनाशा झाल्या, आणि नलवड्यांनी दाराला आतून कॅमेरा बसवला.

आता तोच कागद अध्यक्षांच्या फोनवर आला होता.

त्या संध्याकाळी हेरंबराव घरी आले ते हवेचा वास घेतच. ऋजुता टेबलाशी बसून ब्लाउजची शिवण उसवत होती.

“हे काय?”

“सैल होतायत. आत घेतेय.”

“सगळे?”

“सगळे नाहीत. पाच.”

हेरंबरावांनी पाच हा आकडा लक्षात ठेवला. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई अचानक पाच ब्लाउज अंगाबरोबर बसवून घेते, त्याला काहीतरी कारण असणार. त्यांनी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघर तपासलं. कप सहाच्या सहा जागेवर, कोरडे. बशा कोरड्या. तवा थंडगार. आत्याबाईच्या पडद्यावर त्यांनी मागचे दिवस काढले. गेले नऊ दिवस हेच; आठवडा उलटला तरच ती फोनवर कळवायची. अकराच्या सुमाराला ऋजुता नाहीशी होते, अनोळखी व्यक्ती येते. संध्याकाळी, हेरंबराव यायच्या आत, अनोळखी व्यक्ती जाते, ऋजुता परत येते. मधल्या वेळात स्वयंपाकघराचा भार शून्य. म्हणजे जी कोण येत होती ती चहासुद्धा घेत नव्हती. अध्यक्ष म्हणून हेरंबरावांना अशा पाहुणीचं कौतुकच वाटलं असतं.

पानावर बसल्यावर त्यांनी रोजच्यासारखं वाचून दाखवलं. या घरात पूर्वी जेवणाआधी श्लोक म्हणत, आता हेरंबराव आकडे म्हणत. “वरण एकशे चाळीस. भात दोनशे दहा. पोळ्या सहा, एकशे ऐंशी. तूप.” तुपाशी ते जरा थांबत.

ऋजुताने दीड पोळी घेतली.

“या महिन्यात इमारतीत आपण पहिले आहोत,” ते तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले. “सगळ्यात हलकं घर. रविवारी पाटी मिळेल.”

“लाव मग दाराला.”

“शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचंय. घरात नोंद नसलेली व्यक्ती नाही असं. सहीनिशी.”

“दे की लिहून.”

“देऊ ना?”

“हेरंब,” ती म्हणाली, “तुला विचारायचंय काय?”

“वरण छान झालंय,” हेरंबराव म्हणाले.

गुरुवारी त्यांनी मंडळाचे तंत्रज्ञ मुजावर यांना कचेरीबाहेरच्या बाकावर बोलावून घेतलं. घरी बोलावलं असतं तर त्यांचाही श्वास नोंदला गेला असता. मुजावरांनी फोनवरचा ठसा मोठा करून पाहिला.

“यंत्र बिघडलंय का?”

“नाही साहेब. तुमचा ठसा बरोबर येतोय की. हवा तीच, यंत्र तेच.”

“मग ही कोण?”

“ते यंत्राला कसं कळणार? बाई आहे एवढं नक्की. पन्नाशीच्या आतबाहेर. अंगाने बारीक.” मुजावरांनी डोळे बारीक केले. “आणि नेलपॉलिश पुसायची बाटली असते बघा, तसला थोडा वास येत असणार तिच्या श्वासाला. त्यातलाच वायू आहे हा.”

“नेलपॉलिश?”

“तसला वायू म्हटलं मी.”

हेरंबरावांनी डायरीत ‘नेलपॉलिश’ लिहून खाली रेघ मारली.

“तुमच्या इमारतीत असल्या पाहुण्या बऱ्याच येतात साहेब,” उठता उठता मुजावर म्हणाले. “दुसरीकडे एवढ्या नाहीत.”

“दुसरीकडे पकडत नसतील,” हेरंबराव म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते नेहमीसारखे बाहेर पडले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेबाराला परत आले. लिफ्टची नोंद होते म्हणून जिन्याने निघाले. चौथ्या मजल्याच्या वळणावर त्यांना पाचव्या मजल्यावरचे सबनीस भेटले. सबनीसांचे बूट त्यांच्या हातात होते.

सबनीसांनी बूट पाठीमागे नेले.

“व्यायाम,” सबनीस म्हणाले.

“मीही,” हेरंबराव म्हणाले.

गेल्या दोन महिन्यांत दुपारच्या वेळी जिन्याने व्यायाम करणारे पुरुष वाढले होते, हे हेरंबरावांच्या कानावर होतं. समितीच्या अहवालात त्यांनी ते ‘भार कमी करण्याची वाढती जाणीव’ म्हणून घातलंही होतं.

त्यांनी स्वतःच्या किल्लीने, आवाज न करता दार उघडलं. बाहेरच्या खोलीत ऋजुता खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मांडीवर ब्लाउज, शेजारी पाण्याचा तांब्या. भिंतीवरची आत्याबाई क्षणभर घुटमळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “श्रीयुत हेरंब पाटणकर : घरात आहेत. श्रीमती ऋजुता पाटणकर : घरात नाहीत. अनोळखी व्यक्ती : एक.”

ऋजुताने डोळे उघडले. “आज लवकर?”

हेरंबराव उत्तर न देता आत गेले. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, स्टुलावर चढून माळा पाहिला. माळ्यावर दिवाळीचे आकाशकंदील होते आणि ऋजुताच्या आईने दिलेलं मोठं पातेलं. वीस माणसांचा मसालेभात व्हायचा त्यात.

“कुणाला शोधतोयस?” दाराशी येऊन ती म्हणाली.

“तिला.”

“कुणाला तिला?”

“तेच तर विचारतोय! रोज अकराला येते. संध्याकाळपर्यंत बसते. नेलपॉलिश लावते.” स्टुलावरून हे फारसं भारदस्त वाटलं नाही. “आणि तू कुठे जातेस तोवर?”

ऋजुताने त्यांच्याकडे, मग स्टुलाकडे पाहिलं. “आधी खाली उतर. पडलास तर तुला उचलायची ताकद नाही माझ्यात.”

ते उतरले. तिने माळ्याचं दार लावायला हात वर केला तेव्हा मनगटातल्या बांगड्या सरसर घसरत कोपरापर्यंत गेल्या. या बांगड्या काढायला साबण लागायचा, हे हेरंबरावांना अचानक आठवलं.

“इकडे ये,” ते म्हणाले. त्यांनी तिला आत्याबाईसमोर उभं केलं. “श्वास सोड.”

“हेरंब...”

“सोड एकदा.”

तिने सोडला. यंत्र थोडं थांबलं. “आपली ओळख पटली नाही. पाहुणे असल्यास कृपया नोंद करा.”

आता हेरंबराव तिच्या इतक्या जवळ उभे होते की त्यांनाही तो वास आला. गोडसर, उग्र, बाटलीतला. एकशे चाळीस पानांपैकी एक्केचाळिसावं पान त्यांच्या डोळ्यांसमोर उघडलं. चारशे घरं. साबुदाणा. महाराष्ट्रात उपवासाने श्वास बदलत नाही.

“तू जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“रात्री जेवू की.”

“दुपारी काय खातेस?”

तिने पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं.

“किती दिवस?”

“मोजायचं काम तुझ्याकडे आहे.” ती परत खुर्चीत जाऊन बसली. “गणपतीनंतर एकदा मी एकटीपुरतं थालीपीठ लावलं होतं. संध्याकाळी आल्या आल्या तू विचारलंस, दुपारी एक वाजता तवा कशाला तापला? चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास.”

“मी सहज विचारलं होतं.”

“हो ना. मग मी म्हटलं, एकटीसाठी कशाला तवा. सकाळच्या पोळ्या तुझ्या डब्यात. पाचवी लाटली की तू रात्री आकडा वाचतोस. हळूहळू सवय झाली. आधी डोकं दुखायचं, आता तेही दुखत नाही. पाणी पिते. संध्याकाळी गुळाचा खडा.”

“मला सांगायचंस.”

“काय सांगायचं? आपलं घर पहिलं आलंय म्हणून तू माझ्याच दीड पोळीकडे बघून खूश होत होतास.”

हेरंबराव स्वयंपाकघरात गेले. त्यांना थालीपीठ येत नव्हतं, पण भाजणीचा डबा कुठे असतो ते ठाऊक होतं. ऋजुता खुर्चीतूनच सांगत राहिली. कांदा बारीक. पाणी बेताचं. मध्ये भोकं पाड, नाहीतर कच्चं राहील. पहिलं फाटलं, दुसरं एका बाजूला करपलं. तवा वीस मिनिटं तापत होता आणि आत्याबाई मिनिटामिनिटाला बजावत होती, “अवेळी स्वयंपाक. भार वाढत आहे.” शेवटी हेरंबरावांनी तिच्यावर स्वयंपाकघरातलं फडकं टाकलं. माहितीपुस्तिकेप्रमाणे हा गुन्हा होता.

ऋजुता खात असताना ते समोर बसले. एवढ्या लवकर काही ठसा जुळणार नव्हता, शरीराला दोन-चार तास लागतात, हेही त्यांनी वाचलेलं होतं. बाजूलाच शुक्रवारचा कागद पडला होता. ‘नोंद नसलेली व्यक्ती आढळली काय? आढळल्यास नाव.’ त्यांनी पेन उघडून त्या ओळीवर टेकवलं. मग त्यांना मुजावरांचं वाक्य आठवलं, पाठोपाठ सबनीसांचे बूट आठवले, आणि ते उठून समितीची फाइल घेऊन आले.

सतरा कागद. त्यांनी एकेक टेबलावर पसरला. सगळे दुपारचे. अनोळखी व्यक्ती : एक. अनोळखी व्यक्ती : एक. प्रत्येकावर वरच्या ओळीत घरातली बाई ‘घरात नाही’. देशपांडे. मुल्ला. चौगुले. सबनीस, मागच्याच आठवड्यातला. सगळ्यांत खाली नलवडे, आणि त्या कागदाच्या समासात हेरंबरावांच्याच अक्षरात : ‘खोटं बोलते.’

“मलाही वाटलं होतं, तिने बहिणीला लपवलंय,” ऋजुता म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं होतं. “जिन्यात भेटली तेव्हा मी तोंड फिरवलं. तेव्हा मी स्वतःच चार दिवस दुपारची जेवले नव्हते, बघ.”

“मी जातो खाली.”

“काय सांगणार आहेस?”

हेरंबरावांनी चपला घातल्या.

“निदान हात हलवत जाऊ नकोस,” ती म्हणाली. “ते दुसरं ने. करपलेली बाजू खाली ठेव.”

ते ताटलीवर ताटली झाकून जिन्याने उतरले. पाचव्या मजल्यावर सबनीसांच्या दारातून मोठमोठ्याने बोलणं ऐकू येत होतं, कपाटाची दारं आपटत होती. तिथे परत यायला हवं, असं मनाशी म्हणत हेरंबराव तिसऱ्यावर पोचले आणि त्यांनी नलवड्यांची बेल दाबली. दाराखालच्या फटीतून आतल्या कॅमेऱ्याचा दिवा लागलेला दिसला. बऱ्याच वेळाने साखळीपुरतं दार उघडलं. फटीतून वहिनींचा अर्धा चेहरा दिसला. गालाचं हाड आधी दिसलं, चेहरा मागाहून.

“घरात कुणी नाही,” त्या लगेच म्हणाल्या. “पाहिजे तर आत येऊन बघा.”

“वहिनी,” हेरंबराव म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी तीन मजले उतरताना जुळवलं होतं, ते गेलं. “जेवलात का?”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मागे वळून भिंतीकडे पाहिलं, जिथे प्रत्येकाच्या घरी ती असते तिथे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

“समितीतर्फे विचारताय?”

“घरून विचारतोय.”

साखळी निघाली नाही. फटीतून एक हात बाहेर आला, त्याने वरची ताटली जराशी उचलली, थालीपीठ गरम आहे का ते बोटाने पाहिलं, आणि तिथेच थांबला.

“आणि याचा भार कुणाच्या नावावर?”

“माझ्या,” हेरंबराव म्हणाले.

हात आत गेला. दार बंद झालं. आतून साखळी काढल्याचा आवाज यायला जरा वेळच लागला.